भागिले तीस, गुणिले दिवस

महिनाअखेरच्या पगारपत्रकात पंधरा दिवस भरलेल्याला सव्वीस दिवस भरलेल्यापेक्षा जास्त रक्कम निघाली, तीही कमी वेतनावर. आमचं पत्रक ईमॅक्स या मजकूर-संपादकाच्या ऑर्ग मोडमध्ये असतं, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, उभ्या रेघांनी आखलेला तक्ता आणि त्याच्या लगेच खाली सूत्रांची एक ओळ. त्या दिवशी पडद्यावर हे होतं (सूत्राच्या ओळीतली अक्षरं फाइलमध्ये रोमन असतात, इथे देवनागरीत लिहिली आहेत, दोन दशांशांपर्यंत दाखवण्याची खूण गाळली आहे):

| काम | वेतन | दिवस | देय | उचल | हाती |
|-----+------+------+-----+-----+------|
| टंकलेखन | 18000 | 1 | 600.00 | | 600.00 |
| मुद्रितशोधन | 18000 | 26 | 23.08 | 2000 | -1976.92 |
| मांडणी | 15000 | 24 | 20.83 | 1000 | -979.17 |
| बांधणी | 21000 | 30 | 23.33 | | 23.33 |
| वितरण | 12000 | 15 | 26.67 | 500 | -473.33 |
|-----+------+------+-----+-----+------|
| एकूण | | | 693.91 | 3500 | -2806.09 |
#+टीबीएलएफएम: $4=$2/30*$3::$6=$4-$5::@>$4=व्हीसम(@2..@>>)::@>$5=व्हीसम(@2..@>>)

$ म्हणजे रकाना, @ म्हणजे ओळ. ओळी मोजताना आडव्या रेघा धरत नाहीत, त्यामुळे शीर्षक @1 आणि पहिला माणूस @2. @> ही शेवटची ओळ, @>> तिच्या वरची. व्हीसम म्हणजे दिलेल्या ओळींमधल्या आकड्यांची बेरीज. दोन सूत्रांच्या मध्ये दोन अपूर्णविराम (::). $4= असं सुरू होणारं रकान्याचं सूत्र पहिल्या आडव्या रेघेखालच्या प्रत्येक ओळीला लागतं, शीर्षकाला लागत नाही. एखाद्या घराला (तक्त्यातल्या एका चौकटीला) स्वतःचं सूत्र असेल तर तिथे रकान्याचं सूत्र मागे हटतं.

टंकलेखनाच्या ओळीतले ६०० बरोबर आहेत, आणि त्यामुळेच चूक निसटली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी रुजू झालेल्या माणसाची ती ओळ. सूत्र बदलणाऱ्या सहकाऱ्याने तीच ओळ हाताने पडताळली होती: अठरा हजार भागिले तीस, गुणिले एक.

आधी आम्ही सूत्रांचा तपासनीस चालू केला (कंट्रोल-सी आणि डावा महिरपी कंस) आणि मुद्रितशोधनाची ओळ पुन्हा मोजली. रकान्यांच्या जागी आकडे नीट बसलेले दिसले, (18000)/30*(26), आणि खाली उत्तर २३.०८. आकडे बरोबर, चिन्हं बरोबर. तपासनीस भरलेले आकडे दाखवतो, कोणती क्रिया आधी झाली ते दाखवत नाही. मग २३.०८ ला २६ ने गुणून पाहिलं, तर जवळपास ६०० आले. म्हणजे २६ ने गुणायच्या जागी भागलं गेलं होतं.

ऑर्ग मोड हिशेब स्वतः करत नाही, तो ईमॅक्समधल्या कॅल्क या गणकाकडे सोपवतो. कॅल्कमध्ये गुणाकार भागाकारापेक्षा घट्ट बांधलेला असतो, म्हणून $2/30*$3 चा अर्थ $2/(30*$3) होतो. नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये आणि बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत ही दोन्ही चिन्हं समान मानाची, डावीकडून उजवीकडे. ऑर्गच्या माहितीपुस्तिकेत हा इशारा स्पष्ट लिहिलेला आहे, पण स्प्रेडशीटची सवय झालेल्या डोळ्याला तिथे थांबावंसं वाटत नाही.

फाइल गिटमध्ये, म्हणजे जुन्या आवृत्त्या जपून ठेवणाऱ्या प्रणालीत, असल्याने मागच्या महिन्याशी तुलना करायला मिनिटही लागलं नाही. सूत्राची ओळ बदललेली होती. आधी $2*$3/30 होतं. रोजचा दर आधी निघाला तर वाचायला सोपं, म्हणून ते उलटवलं होतं. हेतू चांगलाच होता. आपण बोलतानाही आधी दिवसाचा दरच काढतो. आता तिथे ($2/30)*$3 आहे. कंस असल्यामुळे कॅल्कचा नियम ठाऊक नसलेल्यालाही ते बरोबरच वाचता येतं. कॅल्कमध्ये गुणाकाराचा हा मान काढून टाकणारी सेटिंगही आहे, पण मी ती वापरू देत नाही. सेटिंग त्या संगणकापुरती राहते, तक्ता मात्र पाच जणांकडे जातो, आणि तेच सूत्र दोन संगणकांवर दोन उत्तरं देईल.

सूत्र सुधारून त्याच ओळीवर कंट्रोल-सी दोनदा दाबलं. देय रकमा ६००, १५६००, १२०००, २१०००, ६००० अशा आल्या, एकूण ५५२००. पण शेजारच्या ‘हाती’ रकान्याची बेरीज अजून −२८०६.०९! ही दुसरी चूक पहिलीमुळे आजवर झाकलेली होती. एका फेरीत ऑर्ग आधी रकान्यांची सूत्रं चालवतो, मग एकेका घराची. एकूणच्या ओळीत $6 ला स्वतःचं सूत्र नव्हतं, म्हणून तिथे $4-$5 लागलं, तेही $4 ची नवी बेरीज होण्याआधी. जुन्या ६९३.९१ मधून ३५०० वजा झाले. पुन्हा फेरी मारली की ५१७०० येतात. कंट्रोल-यू दोनदा, मग कंट्रोल-सी आणि ताराचिन्ह दाबलं तर उत्तर स्थिर होईपर्यंत, जास्तीत जास्त दहा फेऱ्या होतात. पण कळ लक्षात ठेवण्यावर विसंबण्यापेक्षा एकूणच्या ओळीतल्या प्रत्येक रकमेला स्वतःचं व्हीसम द्यावं. @>$6 ला आम्ही तेच दिलं.

उचलीच्या रकान्यात कुणी रिकाम्या जागी नुसती आडवी रेघ लिहिली तर हिशेब अडतो आणि घरात त्रुटीची खूण उमटते. त्यावर झटपट उपाय म्हणून अनेक जण सूत्राच्या शेवटी अर्धविराम देऊन एन हे अक्षर जोडतात. संख्या नसेल तिथे शून्य धरा, असा त्याचा अर्थ. पगारपत्रकात हे धोक्याचं आहे. स्वल्पविरामासह चिकटवलेलं 2,000 त्यामुळे मुकाट्याने 2 होतं. देवनागरीत लिहिलेले २६ दिवस शून्य होतात, कारण तिथे देवनागरी अंक संख्या म्हणून वाचलेच जात नाहीत. मराठी कळफलक चालू राहिला की ही चूक हमखास होते. रिकामं घर साध्या वजाबाकीत आपोआप शून्य धरलं जातं, तेव्हा रेघेऐवजी घर रिकामं ठेवणं हाच साधा मार्ग. त्रुटी दिसली तर दिसू द्यावी.

पैशाच्या सूत्रांना दोन दशांशांचं रूप मात्र नेहमी द्यावं. या तक्त्यात दिसणाऱ्या आकड्यामागे लपलेला दुसरा आकडा नसतो. घरात जे छापलंय तेच पुढच्या सूत्राला मिळतं, त्यामुळे बेरीज कागदावरच्या रकमांशी पैशापैशाने जुळते.

नवं सूत्र आता तीन ओळींवर पडताळलं जातं: दिवस ३०, दिवस १५ आणि ज्याने काहीच बरोबर सुटत नाही असा एखादा, उदाहरणार्थ १७. एक हा दिवस त्यात कधीच धरत नाही, कारण एकाने गुणलं काय आणि भागलं काय, उत्तर तेच. आणि क्रियांच्या क्रमाची सूचना फाइलमध्येच लिहिली आहे, पण तक्त्याच्या वर. तक्ता आणि सूत्राची ओळ यांच्यामध्ये काहीही लिहिलं की सूत्र तक्त्यापासून तुटतं.