ओके म्हणजे नक्की काय?

"आईचे रिपोर्ट आलेत. घाबरण्यासारखं नाही, पण औषधं बदलावी लागतील. रात्री बोलूया का?" असं भावाला लिहिलं. उत्तर आलं, "ओके."

बोलूया, की नुसतं वाचलं, की आत्ता नको? दिवसभर ते डोक्यातून जाईना.

समोर असता तर लगेच कळलं असतं. लांबवलेलं 'ओक्के' वेगळं, तुटक 'ओके' वेगळं. या शब्दाचा निम्मा अर्थ आवाजात असतो, आणि आपण तो टाइप करून पाठवतो.

छापील स्वरूपात हा शब्द पहिल्यांदा सापडतो २३ मार्च १८३९ च्या बोस्टनमधल्या एका वर्तमानपत्रात. 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगचं ('oll korrect') लघुरूप. तेव्हा तशी टूमच होती. पुढच्या वर्षी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या निवडणूक प्रचारात 'ओल्ड किंडरहूक' या त्यांच्या टोपणनावाशी (त्याचीही आद्याक्षरं O.K.) तो जुळला आणि टिकला.

म्हणजे मुळात 'सगळं बरोबर'. आज मात्र पटलं नाही तरी ओके, दुखावलो तरी ओके. ऑफिसात चालेल. घरच्यांना तरी 'हो, बोलू' एवढं लिहावं असं मला मनापासून वाटतं.

तुम्हाला नुसतं 'ओके' आलं की तुम्ही काय समजता?