दत्तक गेलेलं मूल त्या देशाचं नागरिक होतंच ना?

दत्तक या विषयावर कुठेही बोलायला गेले की कार्यक्रम संपता संपता हा प्रश्न येतो. "मॅडम, परदेशात दत्तक गेलेली मुलं तिथली नागरिक होतातच ना?" विचारणाऱ्याने मनाशी 'हो' धरलेलंच असतं, माझ्याकडून फक्त दुजोरा हवा असतो. पुण्यातल्या एका संस्थेत मी समाजसेविका होते. परदेशी जाणाऱ्या मुलांच्या फायली तयार करण्यात माझ्या नोकरीची कितीतरी वर्षं गेली. त्यामुळे नुसतं 'हो' म्हणून मला सुटता येत नाही. बहुतेक मुलं नागरिक होतात, हे खरं. पण अमेरिकेत गेलेल्या एका पिढीतली अनेकजण झालीच नाहीत. आज ती चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांना मुलंबाळं आहेत आणि ती ज्या देशात वाढली तो देश त्यांना अजून आपलं म्हणत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे समजून घ्या की त्या काळी आपल्याकडून मूल 'दत्तक' म्हणून जायचंच नाही. १९५६ चा दत्तक कायदा फक्त हिंदूंसाठी होता. परदेशी जोडप्याला १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली कोर्टाकडून पालकत्वाचा हुकूम मिळायचा, तेवढाच. मूल भारतीय पासपोर्टवर विमानात बसायचं आणि खरं दत्तकविधान तिकडच्या कोर्टात व्हायचं. १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भगवतींनी या सगळ्याला शिस्त लावली. मूल पोहोचल्यापासून दोन वर्षांच्या आत दत्तकविधान झालं पाहिजे, तोवर प्रगतीचे अहवाल आले पाहिजेत, असं ठरलं. ते अहवाल आम्ही जिवापाड जपायचो. फायलीत पहिल्या पानाला पासपोर्टचा फोटो टाचलेला असायचा. तीन-चार महिन्यांचं बाळ, मान अजून धरत नाही, म्हणून आया मागून धरून बसलेली. फोटो कितीही कापला तरी कडेला तिची दोन बोटं आणि हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा दिसायचाच.

अमेरिकेत गेल्यावर पायऱ्या तीन होत्या. आधी व्हिसावर प्रवेश आणि ग्रीन कार्ड, मग तिथल्या कोर्टात दत्तकविधान, आणि त्यानंतर नागरिकत्वासाठी वेगळा अर्ज. हा शेवटचा अर्ज मूल अठरा वर्षांचं व्हायच्या आत आईबापांनी करायचा होता. पुष्कळांनी केला. काहींना वाटलं, दत्तकाचा हुकूम हातात आला, म्हणजे सगळं झालं. कुठे घटस्फोट झाला, कुठे आई वारली, कुठे मूल 'जमत नाही' म्हणून दुसऱ्या घरी दिलं गेलं आणि कागद मागेच राहिले. मुलाला यातलं काही कळायचं कारणच नव्हतं. ते शाळेत जातं, सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो, गाडीचं लायसन्स मिळतं, नोकरी लागते, कर भरतं. मग एक दिवस पासपोर्टचा अर्ज परत येतो.

अमेरिकेने ही चूक ओळखली. २००० साली चाइल्ड सिटिझनशिप ॲक्ट आला, २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झाला. दत्तकविधान पूर्ण झालेलं, ग्रीन कार्ड असलेलं आणि नागरिक आईबापांच्या ताब्यातलं मूल आपोआप नागरिक होईल, असं त्यात आहे. कायदा चांगलाच आहे. पण त्या दिवशी ज्याला अठरा पूर्ण झाली होती, त्याला तो लागू नाही. म्हणजे २८ फेब्रुवारी १९८३ च्या आधी जन्मलेले सगळे बाहेर. एकाच घरातली, एकाच संस्थेतून आलेली दोन भावंडं असतील, तर धाकटा झोपेतून उठला तो नागरिक होऊन आणि थोरली राहिली तशीच. या तारखेमागे मला आजवर कुठलंही न्यायाचं कारण सापडलेलं नाही.

अमेरिकेतल्या युटाह राज्यातल्या एका बाईंचा खटला भारतातही गाजला होता. १९८२ च्या एप्रिलमधला जन्म, तान्ही असताना भारतातून गेलेली, एकट्या बाईने दत्तक घेतलेली. मुलगी आठ वर्षांची असताना ती आई कर्करोगाने गेली. अर्ज राहून गेला. पुढे या मुलीला व्यसन लागलं, खोट्या चेकच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, आणि सरकारने तिला भारतात पाठवायची नोटीस काढली. अकरा महिन्यांनी उशिरा जन्मली असती तर हा प्रश्नच आला नसता. २०१२ साली तिथल्या अपील न्यायालयानेही तिला दिलासा दिला नाही.

आणि मुंबईची एक मुलगी तर खरोखरच परत आली. १९८९ साली सातेक वर्षांची असताना तिला अमेरिकेत नेलं. तिथे एका घरातून दुसऱ्या घरात, असं करत ती वाढली. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात सापडली आणि २००८ साली, नवरा आणि दोन लेकरं मिशिगनमध्ये असताना, तिला मुंबईत आणून सोडलं. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. तिने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा ते वर्तमानपत्रांतून आलं. कोरियातून गेलेल्यांत तर असे कितीतरी. ॲडम क्रॅप्सर तीन वर्षांचा असताना गेला, दत्तक घरात मारहाण सोसली, आणि २०१६ साली चाळिशीत कोरियाला परत पाठवला गेला.

इथे श्रोत्यांतून हमखास एक वाक्य येतं: "पण गुन्हा केला होता ना?" केला होता. शिक्षाही भोगली. पण त्याच घरात जन्मलेल्या सख्ख्या मुलाने तोच गुन्हा केला असता, तर शिक्षा भोगून तो घरी आला असता. १९९६ च्या कायद्याने अमेरिकेत देशाबाहेर घालवण्याजोग्या गुन्ह्यांची यादी इतकी वाढवली, की किरकोळ वाटणारे गुन्हेही त्यात बसतात. दत्तक मूल पोटच्या मुलासारखंच, असं आपण कोर्टात शपथेवर वदवून घेतो. मग ते 'सारखंच' अठराव्या वर्षी संपतं का?

सगळ्यांच्या वाट्याला तुरुंग येत नाही. बहुतेकांच्या वाट्याला गुपचूप जगणं येतं. आमच्या संस्थेतून गेलेल्या एकीचा नवरा आणि लेक एका पावसाळ्यात पुण्याला आले. तिची फाइल पाहायला तिने त्यांना पाठवलं होतं. ती स्वतः येऊ शकत नव्हती, बाहेर पडली तर परत घेतील याची वकिलाला खात्री नव्हती. लेक तिथेच जन्मलेली, म्हणून तिच्याकडे अमेरिकेचा निळा पासपोर्ट. तिने फोनवरून आईला पाळणाघर दाखवलं, व्हरांडा दाखवला, मग फाइल उघडून तो फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. पलीकडून आईने पहिला प्रश्न विचारला, "त्या बांगडीवाल्या बाई आहेत का अजून?" त्या आयामावशी केव्हाच निवृत्त होऊन गावी गेल्या होत्या. मी नाव सांगितलं, तिने ते दोनदा म्हणून पाहिलं.

ही वयाची अट काढून टाकणारं विधेयक २०१५ पासून अमेरिकन काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडलं गेलं. दोन्ही पक्षांचे लोक त्याच्या बाजूने असतात. २०२२ साली एका मोठ्या विधेयकात घालून प्रतिनिधिगृहाने ते मंजूरही केलं, पण अंतिम कायद्यात ते उरलं नाही. मला याचा संताप येतो. ही मुलं कुंपणावरून उडी मारून गेली नव्हती. दोन्ही सरकारांचे शिक्के घेऊन, नाव-गाव-फोटोसकट गेली होती.

आता कामाचं. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर त्यांना हे सांगा. २८ फेब्रुवारी १९८३ ला किंवा त्यानंतर जन्म असेल, तरी 'आपोआप झालं असेल' म्हणून बसू नये. एन-६०० हा अर्ज भरून नागरिकत्वाचा दाखला काढावा किंवा पासपोर्ट करून घ्यावा. ज्यांना पाहुण्याच्या किंवा उपचारांच्या व्हिसावर नेलं होतं, त्यांना हा कायदा सरळ लागू होत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. त्या तारखेच्या आधी जन्म झाला असेल आणि ग्रीन कार्ड असेल, तर इतरांसारखा नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. पण कधी अटक झाली असेल किंवा नकळत मतदान केलं असेल, तर आधी इमिग्रेशनचा वकील गाठावा. नागरिक नसताना मत देणं तिथे गुन्हा आहे, आणि घाईने भरलेला फॉर्म अंगाशी येतो.

आणि इकडच्या संस्थांत आज फायली सांभाळणाऱ्या मुलींनो, पालकत्वाच्या हुकमाची नक्कल कुणी मागितली तर 'साहेब रजेवर आहेत' म्हणून सहा महिने लावू नका. आता 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, नियमांत नागरिकत्वाचा पुरावाही मागवून घ्यायचा असतो. तो आला नसेल तर पत्र पाठवा, उत्तर नाही आलं तर पुन्हा पाठवा.