मेण वितळलं त्या शनिवारी

अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत जुलै महिन्यात बंद गाडीत अकॉर्डियन ठेवून कुणी जेवायला गेलं, की माझ्या दुकानाला काम मिळतं. अकॉर्डियनचे सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या धातूच्या जिभांच्या पट्ट्या, लाकडी ठोकळ्यांवर मेण आणि राळ यांच्या मिश्रणाने बसवलेले असतात. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. सूर घसरतात, वारा गळायला लागतो, पेटी दम्याच्या रुग्णासारखी घरघरते.

त्या शनिवारी सकाळी आलेली बाई शाळेत शिक्षिका होती. सोबत तिचा काका, बाहो सेक्स्तो ही जाड तारांची, खर्जातली गिटार वाजवणारा, वय सत्तरीच्या पुढे. संध्याकाळी सातला इथल्या कामगार पुढारी एम्मा तेनायुका यांच्या स्मरणाचा कार्यक्रम होता आणि यांचा कोंहुंतो, म्हणजे टेक्सासमधल्या मेक्सिकन लोकांचा वाद्यवृंद, तिथे वाजवणार होता. बटणांचं अकॉर्डियन, बाहो सेक्स्तो, बेस आणि ड्रम, एवढा हा संच. "मायेस्त्रो, होईल ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, आधी उघडून तर बघू.

भात्याच्या कडेच्या खिळ्या काढल्या. आतून मेणाचा गोडसर वास आला. सुराच्या पट्ट्या एकीवर एक घसरून आल्या होत्या. डाव्या बाजूच्या खर्जाचे सूर मात्र मुळात नव्हतेच, तिनेच काढून टाकले होते. इथले बरेच वादक असंच करतात. खर्जाची बाजू बाहो सेक्स्तोच्या जाड तारा सांभाळतात, मग डाव्या हाताचं वजन वागवायचं कशाला? माझं काम त्यामुळे बरंच हलकं झालं.

पट्ट्यांवर क्रमांक टाकले, जुनं मेण खरवडलं, नवं मिश्रण मंद आचेवर ठेवलं. गिरगावात बाबांच्या हाताखाली हार्मोनियम दुरुस्त करायला शिकलो, ते इथे तंतोतंत लागू पडत नाही. हार्मोनियमचा सूर एकाच दिशेच्या हवेवर बोलतो. इथे एका पट्टीवर दोन जिभा, एक भाता ओढताना बोलणारी, एक दाबताना. आणि या बटणांच्या पेटीत त्या दोघींचे स्वरही बहुधा वेगळे.

दुपारी सूर मिळवायला बसलो. एका बटणाला दोन सूर एकत्र वाजतात, ते किंचित वेगळे ठेवले की आवाजाला लहर येते. माझा कान हार्मोनियमचा, लहर ऐकली की हात आपोआप कानशीकडे जातो. मी एक जोडी सपाट मिळवायला घेतली तोच ती उठून आली.

"तेवढं साफ नको करू. मला ते थोडं घोगरंच हवं."

लहानपणी ती ग्वादालूपे कल्चरल आर्ट्स सेंटरमध्ये वालेरिओ लोंगोरियांकडे शिकली होती. कोंहुंतोत ड्रम आणणाऱ्यांपैकी ते एक, आणि सुरांशी खेळून असा घोगरा आवाज काढणारेही तेच. याच संस्थेत हुआन तेहेदा यांनी १९८२ मध्ये तेहानो (टेक्सासमधल्या मेक्सिकन लोकांच्या) कोंहुंतोचा महोत्सव सुरू केला. ते स्वतः कोंहुंतो आस्त्लानमध्ये अकॉर्डियन वाजवतात. मेक्सिकन-अमेरिकनांच्या हक्कांसाठीच्या चिकानो चळवळीची भाषा, कविता आणि शेतमजुरांचा पोल्का हा नाचाचा प्रकार एकाच मंचावर आणणारा तो गट. "आमच्या गटाचं सगळं तिथूनच उचललेलं," ती म्हणाली. काका मध्येच बोलला, "शाळेत स्पॅनिश बोललो की आम्हाला फटके मिळायचे. आणि घरी आई म्हणायची, हे दारूच्या गुत्त्यातलं वाजवू नकोस, लोक काय म्हणतील."

मला आकाशवाणी आठवली. १९४० पासून १९७१ पर्यंत तिथे हार्मोनियमला बंदी होती, बाबा त्यावर आयुष्यभर चिडलेले. काकाला सांगितलं तर तो इतका हसला की खोकला लागला. "म्हणजे तुमच्याकडेही पेटीच गुन्हेगार!"

लहर राहू दिली. साडेपाचला पेटी तिच्या हातात दिली, आणि दुकान बंद करून मीही गेलो. मेण घाईत बसवलं होतं, त्यामुळे धाकधूक होती.

मंचाशेजारी मतदार नोंदणीचं टेबल होतं. दोन गाण्यांच्या मध्ये तिने १९३८ चा संप सांगितला. पिकॅन नावाचा सुकामेवा सोलणाऱ्या सुमारे १२,००० कामगारांचा, बहुतेक मेक्सिकन बायांचा, आधीच तुटपुंजी मजुरी आणखी कापली म्हणून झालेला. त्यांची पुढारी तेनायुका तेव्हा एकवीस वर्षांची होती. भाषण लांबलं नाही. काकाने तारांवर हात मारला, पोल्का सुरू झाला आणि म्हातारी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरू लागली. संपाचं सांगत असताना उठून टेबलाकडे गेलेल्यांपेक्षा नाचून दमल्यावर गेलेले मला जास्त दिसले. हे त्या दोघांना आधीच ठाऊक असणार, म्हणून तर टेबल नाचाच्या फरशीला लागून मांडलं होतं.

तिसऱ्या गाण्यात एक सूर अडला. मी श्वास रोखला. तिने ते बटण टाळून शेजारच्या ओळीतला तोच स्वर पकडला आणि थेट माझ्याकडे बघून भुवई उंचावली.

सोमवारी ती पेटी घेऊन परत आली. एकाच पट्टीवर मेणाचा थेंब जिभेला चिकटला होता, पाच मिनिटांचं काम. पैसे विचारले तर म्हणाली, सरळ दर लाव, आम्ही भीक मागत नाही. लावला. पुढच्या आठवड्यात तिच्या शाळेतली दोन मुलं तुटक्या बटणांची पेटी घेऊन आली, आणि विचारू लागली की खर्जाचे सूर काढून टाकायला किती घेणार.