बजरीगर घरी येण्याआधी

आजचा रविवार पिंजऱ्यातच गेला. उद्या बजरीगर या छोट्या पोपटांची जोडी येतेय. (आपला हिरवा पोपट नव्हे. तो पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. बजरीगर मूळचे ऑस्ट्रेलियाचे.)

पिंजरा उंच नको, लांब हवा, कारण हे पक्षी आडवे उडतात. जोडीला किमान अडीच फूट लांबी. गजांमधलं अंतर १२ मिलिमीटरपेक्षा जास्त असलं की डोकं अडकतं. गॅल्व्हनाइज्ड जाळी नवी असेल तर व्हिनेगर लावून ब्रशनं घासायची आणि भरपूर पाण्यानं धुवायची. जस्ताचे सुटे कण कुरतडून पोटात गेले तर विषबाधा होते. सोबत येणाऱ्या एकसारख्या गुळगुळीत दांड्या मी काढूनच टाकते, त्यांनी तळपायाला फोड येतात. त्याऐवजी पेरूच्या, फवारणी न झालेल्या, कमीजास्त जाडीच्या फांद्या.

जागा हॉलमध्ये, एक बाजू भिंतीला. स्वयंपाकघरात अजिबात नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतो. धूप, कापूर, डासांची कॉइलही पिंजऱ्याच्या खोलीत बंद. आणि पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी पंखा बंद! रेग्युलेटर कमी करून भागत नाही.

त्यांचं खाणं राळं, म्हणजे एक बारीक भरडधान्य. त्याच्या वाटीत वर नुसती टरफलं साचतात. वाटी भरलेली दिसते, पक्षी उपाशी. रोज फुंकर मारायची. पहिले दोन-तीन दिवस थोडे दाणे तळाच्या कागदावरही पसरायचे, नवी वाटी लगेच ओळखीची होत नाही. कॅल्शियमसाठी समुद्रफेन (कटलफिश या समुद्री जीवाचं पांढरं कवच) टांगलाय.