पुढच्या चाकाची घूं-घूं

ताशी ६० किलोमीटरच्या पुढे आमच्या फोर-बाय-फोर एसयूव्हीच्या पुढच्या बाजूने एकसुरी घूं-घूं येऊ लागली, तेव्हा गॅरेजवाल्याने डाव्या चाकाचे बेअरिंग बदलले आणि आवाज होता तसाच राहिला. सुटे भाग बदलण्याआधी आवाज नीट ऐकला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे वळवली की भार उजव्या चाकावर येतो. त्या क्षणी आवाज वाढला, तर संशय उजव्या बेअरिंगवर घ्यावा. वळणाने फरक पडत नसेल, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडताना सूर बदलत असेल, तर डिफरन्शियलच्या (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) पिनियन बेअरिंगकडे पाहावे. पिनियन, म्हणजे त्या पेटीत ताकद आणणारा छोटा गिअर, गाडीच्या चाकाच्या ३ ते ४ पट वेगाने फिरत असल्यामुळे त्याचा सूरही चढा असतो. (टायरचा आवाज मात्र रस्त्याच्या पृष्ठभागाप्रमाणे बदलतो.) शेवटी गाडी जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, मी एका हाताने उजवे चाक फिरवले आणि दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवला. चाक किंचितही डगडगत नव्हते, तरी वाळू भरडल्यासारखी खरखर बोटांना स्पष्ट जाणवली. डिफरन्शियलचे तेल काढून पाहिले, तेव्हा धातूचे कण धरून ठेवणाऱ्या चुंबकी बोल्टवर नेहमीचा करडा लेप होता, धातूची कपची एकही नव्हती, म्हणजे दोष तिथे नव्हता. मग उजवे बेअरिंग बदलून घेतले.