ब्रुकलिनमधली बार्बाडोसची भिशी

बार्बाडोस म्हटलं की आपल्याला सोबर्स, गार्नर आणि माल्कम मार्शल आठवतात. न्यूयॉर्कला राहायला आल्यावर कळलं, त्या एवढ्याशा बेटाने अमेरिकेलाही केवढी माणसं दिलीत! हिप-हॉपच्या आद्य डीजेंपैकी एक असलेला ग्रँडमास्टर फ्लॅश ब्रिजटाउनचा. अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय अ‍ॅटर्नी जनरल एरिक होल्डर यांचे वडीलही बार्बाडोसचेच. पण मला आवडते ती शर्ली चिझम.

तिचा जन्म 1924 सालचा, ब्रुकलिनमधला. आई बार्बाडोसची, शिवणकाम आणि लोकांकडची घरकामं करणारी. वडील ब्रिटिश गयानाचे, कारखान्यात मजूर. चार पैसे गाठीला बांधायचे म्हणून दोघांनी लहानग्या लेकींना थेट बार्बाडोसला आजीकडे धाडलं. एका खोलीची शाळा, कडक मास्तर आणि आजी त्यांच्या वरताण! 1934 साली शर्ली परतली. आपल्या बोलण्या-लिहिण्यातल्या सफाईचं श्रेय ती पुढे त्या शाळेलाच देत असे.

1968 साली ती निवडून आली. अमेरिकी काँग्रेसमधली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिला कुठे बसवलं? कृषी समितीवर! ब्रुकलिनमध्ये कसली शेती? नव्या सदस्याने गप्प बसायचं असा तिथला रिवाज, पण बाई उठून भांडल्या आणि समिती बदलून घेतली. 1972 साली तर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीच उभ्या राहिल्या.

तिच्या आईवडिलांच्या पिढीला घराचं वेड. पनामा कालव्यावरच्या मजुरीच्या पैशातून कित्येक जण न्यूयॉर्कला पोचले होते. इथे बँका काळ्या माणसाला कर्ज द्यायला नाक मुरडत, म्हणून त्यांनी गावाकडची ‘मीटिंग टर्न’ चालवली: सगळ्यांनी ठरलेली रक्कम भरायची, पाळीपाळीने एकेकाने सगळी उचलायची. म्हणजे आपली भिशीच की! अशा पैशांतून ब्रुकलिनच्या तपकिरी दगडी घरांचे हप्ते भरले गेले. आज त्या घरांच्या किमती विचारूच नयेत.

शर्लीच्या नावाचं मोठं उद्यान 2019 साली ब्रुकलिनमध्ये उघडलं, चक्क जुन्या कचराडेपोच्या टेकड्यांवर. आमच्याकडच्या पाहुण्यांना मी हमखास तिथे नेते. खाडीचा वारा भन्नाट असतो आणि तिकीट लागत नाही, हेही सांगून ठेवते.