दिघा गावाचा हिशेब

ऐरोली, बुधवार, रात्री उशिरा

प्रोग्रॅममधली उडी (‘इथून तिथे जा’ ही सूचना) चुकीच्या जागी पडली की आधी एवढंच बघावं: मोजायला सुरुवात कुठून केली? जावाच्या बाइटकोडमध्ये (जावा प्रोग्रॅम ज्या बाइटांच्या सूचनांत उतरतो, त्यात) ऑफसेट, म्हणजे उडीचं अंतर, खुद्द गोटूच्या, म्हणजे उडीच्या सूचनेच्या, पत्त्यापासून धरतात. गोटू ८ वर, जायचंय २० वर, तर ऑफसेट १२. एक्स८६ची (इंटेलच्या प्रोसेसरांची, जिथे पुढच्या सूचनेपासून मोजतात) सवय लागलेला हात गोटूचे ३ बाइट सोडून ११ पासून मोजतो, ९ लिहितो, आणि उडी १७ वर जाते. व्हेरिफायर (कोड चालण्याआधी तपासणारा) कुरकुरतो तो १७ वर स्टॅकमॅप फ्रेम (उडी पोचते तिथली तपासणीची नोंद) नाही म्हणून. बेरजेबद्दल चकार शब्द काढत नाही. फरक नेमका तीनचा आला, की रोग हाच. जावापीच्या (बाइटकोड वाचून दाखवणाऱ्या साधनाच्या) यादीतही ‘गोटू १७’ असं पोचण्याचं ठिकाणच छापलेलं असतं, ऑफसेट नाही. तो बघायचा तर हेक्स डंप (फाइलचे कच्चे बाइट) उघडावा.

दुसरी खोडी जास्त लबाड. ऑफसेट दोन बाइटांचा; तो वाचताना वरचा बाइट ८ बिट डावीकडे सरकवून खालचा ‘ऑर’ने जोडतात. जावात बाइट चिन्हासकट असतो, त्यामुळे खालच्या बाइटला आधी २५५चा मास्क (खालचे ८ बिटच ठेवणारी गाळणी) लावला नाही, तर २०० चे -५६ होतात. १२७ पर्यंत सगळं बिनबोभाट चालतं. छोट्या टेस्ट म्हणूनच हिरव्या, म्हणजे पास!

कोडच्या मध्ये नवी सूचना घुसवली की ठाण्याजवळचं दिघा गाव रेल्वे स्टेशन आठवावं. जानेवारी २०२४मध्ये ते स्टेशन सुरू झालं आणि ठाण्याहून पहिलं असलेलं ऐरोली दुसरं झालं. रबाळे ते घणसोली मात्र होतं तेवढंच. घुसवलेल्या जागेवरून जाणाऱ्या उड्याच बदलतात. ३ बाइट घातले तर पुढची १२ ची १५ होते, मागे येणारी -२० ची -२३. सरसकट तीन मिळवणारा कोड इथे फसतो.

ऑफसेट ३२७६७ च्या पुढे गेला की गोटूच्या जागी ५ बाइटांचा गोटू-डब्ल्यू लागतो. इफला (अट जुळली तरच होणाऱ्या उडीला) असा रुंद भाऊ नाही: अट उलटी करायची, ८ ची (३ बाइट इफचे, ५ गोटू-डब्ल्यूचे) उडी द्यायची आणि मध्ये गोटू-डब्ल्यू बसवायचा. कोड फुगला, की पुन्हा सगळं मोजायचं, काहीही फुगेनासं होईपर्यंत. एकदा रुंद केलेली उडी परत अरुंद करू नये, नाहीतर फेरे संपतच नाहीत.

टेबलस्विच (आकडा बघून अनेक उड्यांतली एक निवडणारी सूचना) वेगळंच प्रकरण. त्याच्या ऑपकोडनंतर (सूचनेच्या पहिल्या बाइटनंतर) ० ते ३ बाइट भरण असतं, पुढच्या आकड्याचा पत्ता ४ च्या पटीत यावा म्हणून. त्याच्या आधी १ बाइट घातला, तर त्याच्या नंतरचा कोड एकतर जागचा हलत नाही, नाहीतर थेट ४ ने सरकतो.